पदर कोणी ठरवला? भानू अथैया यांच्या वेशभूषेचे वाचन

साहित्य आणि चित्रपट यांच्या परस्परसंबंधांवरचा अभ्यासक्रम शिकवताना आम्ही काही वर्षे 'साहिब बीबी और गुलाम' (१९६२) हा चित्रपट वर्गात दाखवत आलो आहोत. बिमल मित्र यांची मूळ बंगाली कादंबरी, अब्रार अल्वी यांचे दिग्दर्शन, गुरुदत्त यांची निर्मिती, व्ही. के. मूर्ती यांचे छायाचित्रण ही सारी नावे आम्हाला तोंडपाठ होती. माध्यमांतर म्हणजे काय, कादंबरीतले निवेदन पडद्यावर कसे येते, जमीनदारी व्यवस्थेच्या ऱ्हासाचे प्रतीक म्हणून हवेलीकडे कसे पाहावे, हे सांगून झाल्यावर एका विद्यार्थिनीने विचारले, "छोटी बहू नेसते ती साडी कादंबरीत अशीच वर्णन केलेली आहे का? नसेल, तर ती कोणी ठरवली?" आम्ही म्हणालो, "दिग्दर्शकाने ठरवली असेल," आणि पुढच्या मुद्द्याकडे वळलो. ते उत्तर म्हणजे सरळसरळ टाळाटाळ होती.

घरी येऊन श्रेयनामावली पुन्हा पाहिली. वेशभूषा : भानू अथैया. हे नाव आम्हाला ठाऊक नव्हते असे नाही. ऑस्कर मिळवणारी पहिली भारतीय व्यक्ती कोण, या सामान्यज्ञानाच्या प्रश्नाचे ते उत्तर होते, आणि आमच्या लेखी ते तेवढेच होते. ज्या कलावतीचे काम आपण वीस-पंचवीस वर्षे आवडीने पाहत आलो, तिचे नाव एका पुरस्कारापुरते लक्षात ठेवावे आणि काम मात्र नटीच्या, दिग्दर्शकाच्या खात्यावर जमा करावे, असे आपल्याकडून का होते? प्रस्तुत लेखाचा विषय हा आहे. वेशभूषा ही संहितेची सजावट नसून संहितेचे वाचन असते, आणि ते वाचन करणाऱ्या व्यक्तीला आपल्या समीक्षेत जागा असली पाहिजे, एवढेच आम्हाला सुचवायचे आहे.

मराठी रसिकाला खरे तर हा विषय परका वाटू नये. राजा रविवर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत शिळाछाप चित्रांचा कारखाना काढला आणि त्यांच्या देवी, त्यांच्या पुराणातल्या नायिका घरोघरी भिंतीवर आल्या. त्यांतल्या अनेकींच्या अंगावर नऊवारी लुगडे होते. देवीचे वस्त्र कसे असते, हे आपल्या आजी-पणजीच्या पिढीने पोथीपेक्षा या चित्रांवरून अधिक ठरवले. पुढे बालगंधर्वांनी 'मानापमान' (१९११), 'स्वयंवर' (१९१६) यांसारख्या नाटकांतून स्त्रीवेषाला जी प्रतिष्ठा दिली, तिची कथा आपण सारे ऐकून आहोत. पांढरपेशा घरांतल्या स्त्रिया त्यांच्यासारखे नेसू लागल्या, त्यांच्यासारखा गजरा माळू लागल्या. एका पुरुषाच्या देहावरून स्त्रियांच्या पेहरावाची तऱ्हा ठरावी, यातला विरोधाभास अनेकांनी नोंदवला आहे. पण ते शालू कोणी विणले, चोळ्या कोणी बेतल्या, कोणत्या प्रवेशाला कोणता रंग हे कोणी योजले, याविषयी आपण सहसा विचारत नाही. वस्त्राला नेसणाऱ्याचे नाव लाभते, घडवणाऱ्याचे नाही. ही रीत चित्रपटाने रंगभूमीकडून जशीच्या तशी उचलली.

भानुमती राजोपाध्ये यांचा जन्म २८ एप्रिल १९२९ रोजी कोल्हापुरात झाला. वडील अण्णासाहेब हे चित्रकार आणि छायाचित्रकार. ज्या गावात बाबूराव पेंटर यांनी 'सिंहगड' (१९२३) आणि 'सावकारी पाश' (१९२५) यांसारखे मूकपट काढले, जिथे पडदे रंगवणारा हात, कॅमेरा चालवणारा हात आणि पोशाख योजणारा हात यांच्यात फारसे अंतर नव्हते, त्या गावचे हे बालपण. वडिलांचे छत्र लहानपणीच हरपले. पुढे त्या मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत आल्या आणि तिथे त्यांनी सुवर्णपदक मिळवले. १९४७ मध्ये स्थापन झालेल्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपचे जे प्रदर्शन १९५३ मध्ये मुंबईत भरले, त्यात त्यांची चित्रे होती. त्या प्रदर्शनातल्या त्या एकमेव स्त्री-चित्रकार. सूझा, रझा, हुसेन, गायतोंडे ही नावे घेताना हे नाव कितीजण घेतात?

याच काळात त्या 'ईव्हज वीकली' या इंग्रजी स्त्री-साप्ताहिकासाठी पेहरावांची रेखाटने करत होत्या. संपादिकेने कपड्यांचे दुकान काढले, तेव्हा कागदावरची रेखाटने प्रत्यक्ष कापडात उतरवण्याची संधी त्यांना मिळाली. कामिनी कौशल, नर्गिस यांच्यासारख्या अभिनेत्रींनी त्यांचे काम हेरले, आणि पन्नाशीच्या दशकाच्या पूर्वार्धात चित्रकार भानुमतीचे वेशभूषाकार भानू अथैया यांत रूपांतर झाले. याकडे कलाक्षेत्रातून झालेली माघार म्हणून पाहण्याचा मोह होतो, आणि त्यातच आपला जुना पंक्तिभेद लपलेला असतो : कॅनव्हासवरचा रंग कलेत मोडतो, कापडावरचा मात्र शिवणकामात!

आता त्यांच्या कामाची काही उदाहरणे पाहू.

'श्री ४२०' (१९५५) या चित्रपटातील दोन स्त्रियांची नावेच रूपकात्मक आहेत : विद्या आणि माया. विद्या साध्या साडीत वावरते. माया म्हणजे नादिरा. क्लबमधल्या गाण्यात तिने घातलेला अंगाला बिलगणारा चमकता झगा भानू अथैया यांच्या कल्पनेतून आलेला. हातातल्या लांब सिगारेट-होल्डरइतकाच तो झगाही बोलतो. साडीला पदर असतो. तो सावरता येतो, डोक्यावरून घेता येतो, लाज वाटली तर त्याआड लपता येते. झग्याला पदर नसतो. मायेला लपण्यासारखे काही नाही आणि सावरण्याची तिला गरज नाही, हे संवादाने सांगण्याआधी कापडाने सांगितले आहे. अर्थात पाश्चात्त्य वेष म्हणजे अधःपात आणि साडी म्हणजे शील, हे समीकरणही त्यातूनच पक्के झाले, हे आज वाचताना नजरेआड करून चालणार नाही.

'साहिब बीबी और गुलाम'मधले वाचन अधिक सूक्ष्म आहे. भूतनाथ प्रथम छोट्या बहूच्या दालनात जातो, तेव्हा मान वर करण्याचे धाडस त्याला होत नाही. कॅमेरा त्याच्यासोबत खाली पाहतो आणि आपल्याला आधी दिसतात ती तिची पावले. मग ती त्याला वर पाहायला सांगते. चित्रपट कृष्णधवल आहे, हे इथे लक्षात घ्यायला हवे. ज्या कथेत 'मोहिनी सिंदूर' हे मध्यवर्ती आहे, त्या कथेतला तांबडा रंग पडद्यावर दिसूच शकत नाही. सिंदूर काळपट दिसतो, कुंकू काळपट दिसते. जे रंगाने सांगायचे ते काठाच्या रुंदीने, वस्त्राच्या वजनाने, दागिन्यांच्या दाटीने सांगावे लागते. छोट्या बहूचा बंगाली धर्तीचा पेहराव भरजरी आहे, ठसठशीत आहे. सुखवस्तूपणाचे ते ओझे अंगावर वागवत ती नवऱ्याची वाट पाहते.

तिच्यासमोर वहिदा रहमान यांची जबा उभी करून पाहावी. जबा ब्राह्मो घरातली, शिकलेली, मोकळी. तिच्या वस्त्रांना वजन नाही. ती त्यांत सहज चालते, वळते, चिडते, हसते. ब्राह्मो स्त्रियांच्या साडीचा इतिहास मुंबईशी जोडलेला आहे, हे इथे सांगण्याजोगे आहे. सत्येंद्रनाथ टागोर हे सनदी नोकरीत मुंबई इलाख्यात असताना त्यांच्या पत्नी ज्ञानदानंदिनी देवी यांनी मुंबईच्या पारशी स्त्रियांची नेसण पाहिली, तिच्यात आपले फेरफार केले, आत परकर आणि अंगात पोलके घालण्याची पद्धत स्वीकारली आणि ती कलकत्त्याला नेली. बाहेरच्या जगात वावरता यावे, यासाठी शोधलेली ती नेसण होती. म्हणजे एकाच चित्रपटातल्या या दोन पेहरावांत बंगालच्या एकोणिसाव्या शतकाचा सारा वाद उभा आहे : अंतःपुर की बाहेरचे जग. कादंबरीवर लिहिताना आम्ही याच वादावर पानेच्या पाने लिहिली होती. पडद्यावर तो वाद कापडात मांडलेला होता आणि आम्ही तो वाचला नव्हता.

तिसरे उदाहरण 'आम्रपाली'चे (१९६६). लेख टंडन यांच्या या चित्रपटात वैजयंतीमाला यांनी वैशालीच्या नगरवधूची भूमिका केली. या वेशभूषेसाठी भानू अथैया यांनी अजिंठ्याच्या भित्तिचित्रांचा आधार घेतला. अंतरीय, उत्तरीय, कमरेचा कायबंध, स्तनपट्ट ही न शिवलेल्या किंवा जेमतेम शिवलेल्या वस्त्रांची भाषा त्यांनी हालत्या, नाचत्या देहासाठी नव्याने घडवली. भिंतीवरची आकृती स्थिर असते. तिचे उत्तरीय घसरत नाही, तिला गिरकी घ्यायची नसते. नर्तिकेचे वस्त्र मात्र तसेच न शिवलेले दिसायला हवे आणि गिरकीतही जागचे हलता कामा नये. ही अडचण इतिहासाची नाही, शिंप्याची आहे, आणि ती सुटल्याखेरीज इतिहास पडद्यावर उभा राहत नाही.

इथे एक आक्षेप घेता येतो आणि तो घ्यायलाही हवा. आम्रपाली बुद्धाची समकालीन, म्हणजे इसवी सनापूर्वीच्या सहाव्या-पाचव्या शतकातली. अजिंठ्याची बहुतेक प्रसिद्ध चित्रे इसवी सनाच्या पाचव्या शतकातली. दोहोंत सुमारे हजार वर्षांचे अंतर आहे. मग या वेशभूषेला ऐतिहासिक म्हणावे काय? काटेकोरपणे पाहिले तर नाही. परंतु जातककथा रंगवणाऱ्या अजिंठ्याच्या चित्रकारांनीदेखील हेच केले होते. बुद्धाच्या काळातल्या राण्यांना त्यांनी आपल्या काळाची वस्त्रे नेसवली होती. भानू अथैया यांनी त्या चित्रपरंपरेशी नाते जोडले, असे म्हणणे अधिक योग्य. त्यालाही एक पूर्वेतिहास आहे. १८७२ ते १८८५ या काळात जॉन ग्रिफिथ्स यांच्या देखरेखीखाली जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांनी अजिंठ्यात राहून चित्रांच्या प्रतिकृती केल्या. लंडनला पाठवलेल्या त्या प्रतिकृतींपैकी बऱ्याच १८८५ च्या आगीत जळाल्या. त्याच कलाशाळेच्या एका विद्यार्थिनीने सुमारे ऐंशी वर्षांनी अजिंठा पुन्हा उतरवून घेतला, या वेळी कापडावर.

या काळात वेशभूषेचा अभ्यास मुंबईत अन्यत्रही चालू होता. समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये यांचा भारतीय पोशाखावरचा इंग्रजी ग्रंथ १९५१ चा. डॉ. मोतीचंद्र यांचा प्राचीन भारतीय वेशभूषेवरचा हिंदी ग्रंथ त्याच सुमाराचा. विद्वानांनी ग्रंथात जे केले, ते भानू अथैया यांनी कात्रीने केले. ग्रंथांचे उल्लेख आपल्या प्रबंधांत येतात, कात्रीचे येत नाहीत.

या कामाचा एक सामाजिक परिणामही झाला. 'वक्त'मध्ये (१९६५) साधना यांनी घातलेला अंगासरशी बेतलेला कुर्ता आणि चुडीदार पाहून देशभरच्या मुलींनी शिंप्याकडे धाव घेतली. 'ब्रह्मचारी'मध्ये (१९६८) मुमताज यांनी नृत्यासाठी नेसलेली नारिंगी साडी खरे तर नेसलेली नव्हतीच. निऱ्या आणि वळणे आधीच शिवून, चेन लावून ती तयार केलेली होती, म्हणजे नाचताना सुटायचे भय नाही. ही दोन्ही वस्त्रे भानू अथैया यांची. लोकांनी त्यांना नावे दिली ती मात्र साधनाची आणि मुमताजची. गल्लीतल्या शिंप्याला कात्रण दाखवणाऱ्या मुलीला हे वस्त्र दुसऱ्या एका मराठी बाईने योजले आहे, याची कल्पना असण्याचे कारणच नव्हते. बालगंधर्वांच्या काळातली रीत इथे पुन्हा दिसते. पण तिच्या बरोबरीने आणखी एक गोष्ट घडली होती. स्त्रियांनी काय नेसावे हे ठरवणारा हात आता एका स्त्रीचा होता, जिला कापड अंगावर कुठे टोचते, कुठे सुटते हे स्वानुभवाने ठाऊक होते.

याचा अर्थ हे सारे काम निर्दोष होते असा नव्हे. 'सत्यम् शिवम् सुंदरम्'मधल्या (१९७८) खेडवळ नायिकेची अपुरी वस्त्रे याच नावावर आहेत, आणि तिथे कापड पात्राची बाजू घेते की प्रेक्षकाच्या नजरेची, हा प्रश्न विचारावाच लागतो. वेशभूषाकाराला आपण लेखकाचा मान देणार असू, तर लेखकाला विचारतो ते अवघड प्रश्नही तिला विचारायला हवेत. कौतुकाइतकाच तोही आदराचा भाग आहे.

'गांधी' (१९८२) हे सर्वांना ठाऊक असलेले काम सर्वांत कमी पाहिले गेले आहे, असे आमचे मत झाले आहे. १८९३ ते १९४८ अशी ५५ वर्षे, तीन खंड आणि असंख्य माणसे. ब्रिटिश बाजूची, गणवेशांची जबाबदारी जॉन मोलो यांच्याकडे आणि भारतीय बाजूची भानू अथैया यांच्याकडे होती. ११ एप्रिल १९८३ रोजी दोघांना मिळून ऑस्कर मिळाले. झगमगाट दाखवणे त्या मानाने सोपे. इथे दाखवायची होती एका माणसाची एकेक वस्त्र उतरवत जाण्याची कथा, आणि तिच्या बाजूने चालणारी रोहिणी हट्टंगडी यांच्या कस्तुरबांची कथा. दक्षिण आफ्रिकेला जाताना आपण सुधारलेले दिसावे म्हणून पत्नीला पारशी पद्धतीची साडी नेसायला आणि पायमोजे-बूट घालायला लावले, हे गांधीजींनी आत्मकथेत प्रांजळपणे लिहिले आहे. पुढे त्याच पत्नीच्या अंगावर खादी आली. दोन्ही वेळा निर्णय नवऱ्याचा, अंग मात्र तिचे! चित्रपटातल्या कस्तुरबांची बदलत जाणारी साडी पाहताना हा इतिहास मनात असला, तर पांढऱ्या कापडाच्या साधेपणामागे किती काही दबलेले आहे, हे जाणवू लागते.

त्यानंतरचा एक तपशील बोलका आहे. वेशभूषेसाठी राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार दिला जाऊ लागला तो १९८४ पासून, म्हणजे ऑस्कर मिळून गेल्यावर. भानू अथैया यांना तो 'लेकिन' आणि 'लगान' या चित्रपटांसाठी मिळाला. तोवर त्यांची निम्मी कारकीर्द अशा काळात गेली होती, जेव्हा त्यांच्या कामाला देशात पुरस्काराचा रकानाच नव्हता. मणी रबाडी, लीना दरू ही नावेही याच व्यवसायातली, श्रेयनामावलीत वर्षानुवर्षे झळकून गेलेली. त्यांच्यावर एखादा गंभीर मराठी लेख आमच्या वाचनात आलेला नाही. भानू अथैया यांनी निदान स्वतः लिहून ठेवले. वेशभूषेच्या कलेवरचे त्यांचे इंग्रजी पुस्तक २०१० मध्ये निघाले. १५ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

त्याआधी, २०१२ मध्ये, त्यांनी ऑस्करची बाहुली जपणुकीसाठी अमेरिकेतल्या अकादमीकडे परत पाठवली. तेव्हा काहींनी नाके मुरडली. पण २००४ मध्ये शांतिनिकेतनातून रवींद्रनाथांचे नोबेल पदक चोरीला गेले, ते ज्यांच्या स्मरणात आहे त्यांना त्यांची काळजी समजू शकेल. खरे तर बाहुली सुरक्षित राहिली, यापेक्षा वस्त्रांचे काय झाले हा प्रश्न मोठा आहे. १९६४ मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले आणि चित्रफिती जपल्या पाहिजेत हे आपण मान्य केले. कपड्यांच्या बाबतीत मात्र आपला व्यवहार बोहारणीचाच राहिला. वापरून झाले की दुसऱ्या चित्रपटाला द्यायचे, उसवून पुन्हा शिवायचे, जर असेल तर काढून विकायची. हस्तलिखित हरवले तर आपण हळहळतो. वस्त्र हरवले तर कपाटात जागा झाली, असे म्हणतो.

त्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाचे उत्तर आम्ही तिला पुढच्या तासाला दिले, तेव्हा या साऱ्यातले फार थोडे सांगता आले. आता चित्रपट दाखवल्यावर आम्ही वर्गाला एक छोटे काम देतो. एक प्रसंग निवडायचा. त्यातल्या प्रत्येक स्त्रीने काय नेसले आहे, कसे नेसले आहे, ते तिला परवडणारे आहे का, त्यात तिला चालता-वाकता येते का आणि ते कोणी ठरवले, हे लिहायचे. पहिल्या चार प्रश्नांची उत्तरे पडद्यावर सापडतात. पाचव्यासाठी सुरुवातीची नामावली पाहावी लागते. पूर्वी वेळ वाचवण्यासाठी ती आम्ही पुढे पळवत असू. आता ती पूर्ण पाहतो. तिथे नाव सापडले नाही, तर वहीत त्या जागी रेघ न मारता जागा कोरी ठेवायला सांगतो. उद्या कोणीतरी ती भरील, या आशेने.